ग्रहण पाळलं होतं का?

बाळ रडलं, मी नाळ कापली, आणि मग त्याची पावलं दिसली. दोन्ही आत वळलेली, तळवे समोरासमोर. मी रत्नागिरीच्या दवाखान्यात नर्स. नाटे गावच्या सुइणीने हात टेकले म्हणून मला बोलावलं होतं. बाळंतीण शेवंती, पहिलटकरीण. नवरा बोटीवर खलाशी. उशाशी सासू.

पावलं पुसता पुसता मी विचारलं, "ग्रहण पाळलं होतं का?"

बाळात व्यंग दिसलं की माझ्या माहेरी हेच विचारत. ट्रेनिंग झालं, परीक्षा पास झाले, तरी तोंडून तेच निघालं.

"ऐकलास?" सासू सुनेवर उसळली. "बाय पन तेच इचारतायत! ग्रहणात पाय मुडपून बसलीस, मी वरडत व्हते ना?"

"पाठ भरून आलेली," शेवंती पुटपुटली.

तिथेच मी बोलायला हवं होतं. पावलं अशी का होतात ते नक्की कळलेलं नाही, काही घराण्यांत ते येतं, आईच्या बसण्याउठण्याशी त्याचा संबंध नाही, हे मला शिकवलेलं होतं. पण वाद नको म्हणून एवढंच म्हटलं, "आठव्या दिवशी दवाखान्यात आणा. हाडं कोवळी आहेत तोवर प्लास्टर घालून पाऊल वळवता येतं."

ते आले नाहीत. मीही चौकशी केली नाही.

वर्षाने नवरा परतला, तेव्हा मूल दवाखान्यात आलं. सासूने शेवंतीला बाळासकट लांज्याकडे माहेरी धाडून दिलं होतं; नवऱ्याने दोघांना परत आणलं. पापाचं फळ, त्याला डॉक्टर काय करणार, म्हणून कोणी हललं नव्हतं.

डॉक्टरांनी पाऊल दाबून पाहिलं. ताठ झालं होतं.

"नर्स, यांना लगेच यायला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं, डॉक्टरसाहेब."

खोटं नव्हतं. मान मात्र वर होईना.

मी प्लास्टरच्या पट्ट्या भिजवत होते. शेवंती जवळ आली. "बाय, खरा सांगा. माज्या बसण्यानंच झाला ना?"

"नाही."

"मग तुमी इचारलात कशाला?"

सासू दाराशीच होती. तिला आत बोलावलं आणि सांगितलं, "हिची चूक नाही. प्रश्न विचारला ती माझी चूक." तिने ऐकून घेतलं. मानलं की नाही, माहीत नाही.

सहा महिने प्लास्टरं बदलली. एक पाऊल बरंचसं सरळ झालं. दुसरं अजून बाहेरच्या कडेवरच टेकतं. मुलगा चालतो, लंगडत. आठव्या दिवशी आला असता तर पळालाही असता.

ज्याच्या उत्तराचा उपयोग नाही, असा प्रश्न बाळंतिणीच्या खोलीत मी आता विचारत नाही.