दोन हातांत मावेल एवढं

जनार्दन वानखडे मूळचे मूर्तिजापूरचे. रेल्वेत सुतार म्हणून लागले, आधी रतलामला होते, मग जयपूरला बदली झाली आणि ते इथलेच होऊन गेले. डब्यांच्या लाकडी खिडक्या, बाकांच्या फळ्या, दारं दुरुस्त करण्यात पहिली पंधरा वर्षं गेली. पुढे डब्यांतलं लाकूडच कमी होत गेलं आणि सुतारांच्या वाट्याला ढिले स्क्रू आवळणं उरलं. शेवटची काही वर्षं आपण रंध्याला हात लावला नाही, असं ते सांगतात. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगतात.

निवृत्त झाल्यावर दुर्गापुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी कामाचं टेबल मांडलं. जवळच्या बुद्धविहारातल्या मूर्तीसाठी चौरंग केला, शेजाऱ्यांची स्टुलं केली. मग एक दिवस त्यांची मुलगी उत्कर्षा वेगळंच काम घेऊन आली. ती अंध मुलांच्या शाळेत भूगोल शिकवते. जयपुरात जन्मलेली, तिच्या मराठीत निम्मी हिंदी.

"बाबा, आमच्या शाळेचा नक्शा बनवाल का? मतलब, हाताने वाचता येईल असा."

जनार्दनरावांनी आंब्याच्या लाकडाची फळी घेतली आणि फाटक, वर्ग, जिना, पाण्याचे नळ यांच्या रेघा तेवढ्या उठावदार ठेवून बाकीचं लाकूड छिन्नीनं उतरवलं. बावीस दिवस लागले. शाळेत नवीन आलेली एक मुलगी तो नकाशा दोनदा चाचपून तिसऱ्या दिवशी कुणाचा हात न धरता पाणी पिऊन आली. त्यानंतर शाळेला राजस्थान हवा झाला, भारत हवा झाला, वेगवेगळ्या नकाशांची यादी आली. पण त्या बावीस दिवसांनी जनार्दनरावांचा उजवा अंगठा सुजला होता. छिन्नी चिमटीत धरवेना.

म्हणून मशीन. कॉम्प्युटरवर काढलेल्या रेघेप्रमाणे लाकूड कोरणारं, सीएनसी राउटर म्हणतात ते. नवीन घेण्याचा प्रश्नच नव्हता, जुनं बघायचं ठरलं.

जयपूरजवळच्या चौमूंला पवन जांगिड नावाच्या फर्निचरवाल्याकडे एक आहे असं कळलं. जनार्दनराव बसनं गेले. पवनजी आता तयार दारांच्या व्यापारात शिरले होते आणि मशीन विकून टाकायचं होतं. आठ बाय चार फुटांचं, प्लायची अख्खी शीट एका वेळी मावेल असं. पवनजींनी ते चालू केलं आणि कोरणारं जड डोकं शीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत गेलं. जनार्दनराव बघतच राहिले. मशीनच्या पट्ट्या झिजल्यात का, डोकं हलवून पाहिलं तर खडखडतं का, हे त्यांनी तपासलं. सगळं ठीक होतं. पवनजी माणूस सरळ. त्यांनी विचारलं, तुम्ही करणार त्यातली सर्वांत मोठी वस्तू केवढी? आणि सावध केलं, की याला थ्री फेज वीज लागते, आणि रोज काम नसेल तर असं मशीन गंजतं.

अजून ठरलं नाही, असं जनार्दनराव म्हणाले. मनात मात्र ठरलं होतं.

घरी येऊन त्यांनी मागची खोली मोजली. मशीन बाहेरून अकरा फूट, खोली दहा फूट. भिंत पाडावी लागणार होती. मीराबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि टेप धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

"भिंत पाडा लागते म्हनता, पाडा," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यावर करान काय, थे तं सांगा."

"भारत," जनार्दनराव म्हणाले. "पुरुषभर उंचीचा."

मशीन घेण्याआधी नमुना म्हणून त्यांनी तो हातानंच करायला घेतला. कोरायचं नव्हतंच. प्लायमधून आकार कापला, राज्यांच्या सीमांना सुतळी चिकटवली, नद्यांना तार. साडेपाच फूट उंच नकाशा ई-रिक्षात तिरका धरून त्यांनी शाळेत नेला. बघायला सगळे शिक्षक जमले. डोळस शिक्षकांनी फोटो काढले.

मग मुरलीधरजी आले. ते शाळेत ब्रेल शिकवत, जन्मापासून अंध. त्यांनी नकाशावर हात ठेवले, अदमासानं जयपूर शोधलं आणि दुसरा हात खाली सरकवत निघाले. नर्मदा लागली, गोदावरी लागली. पुढे जायला त्यांना वाकावं लागलं, मग उकिडवं बसावं लागलं. कन्याकुमारीला पोचले तेव्हा वरचा हात सुटला होता. ते पुन्हा उठले, पुन्हा जयपूर शोधलं, पुन्हा खाली गेले आणि पुन्हा तेच झालं.

"नक्शा अच्छा है, वानखडेजी," ते हळूच म्हणाले, "पर जयपुर छूट जाता है."

त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यांना सगळं एकदम दिसतं, हातांना नाही. एक हात ओळखीच्या जागी रोवून ठेवायचा आणि दुसऱ्यानं चालायचं. पहिला सुटला की माणूस हरवला.

 दुसऱ्या दिवशी जनार्दनराव उलट्या टोकाला गेले. सिव्हिल लाइन्समध्ये एका सरकारी बंगल्यात कौस्तुभ नावाचा कॉलेजचा विद्यार्थी आपलं छोटं मशीन विकत होता. टेबलावर मावणारं, कोरायची जागा जेमतेम दीड वीत. भिंत पाडायला नको, घरचा साधा प्लग पुरतो. कौस्तुभनं त्यावर राजस्थान कोरून दिला. आंब्याच्या लाकडात डोकं थरथरलं आणि रेघा दातेरी उठल्या. त्याहून वाईट म्हणजे, उत्कर्षानं डोळे मिटून बोट फिरवलं तर दोन जिल्ह्यांच्या सीमा तिला एकच वाटल्या. रेघांमध्ये बोटाला कळेल एवढं अंतर तरी हवं, ती म्हणाली. ते एवढ्या जागेत बसणार नव्हतं.

मग जनार्दनरावांनी जे केलं, ते खरं तर आधीच करायला हवं होतं, असं ते स्वतःच म्हणतात. टेप घेऊन ते उत्कर्षाच्या वर्गात जाऊन बसले. तेवीस मुलं होती. प्रत्येकाला त्यांनी बाकावर नीट बसवलं आणि खांदे न उचलता दोन्ही हात पुढे पसरायला सांगितलं. मुलांना गंमत वाटली. एकानं विचारलं, शर्ट शिवणार का? मोठ्यांतल्या मोठ्याचा आवाका रुंदीला दोन फूट आणि पुढे दीड फूट भरला. फळी पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यांना चारही बाजूंनी जागा हवी. म्हणजे मशीन दोन बाय तीन फुटांचं. त्याहून मोठं नको, लहान नको.

त्या संध्याकाळी ते मीराबाईंजवळ येऊन बसले. त्या मेथी निवडत होत्या.

"थे मोठं मशीन पोरांसाठी नोतं," ते म्हणाले. "मले पाह्यजे होतं. इतकी वर्षं स्क्रू आवळले, एकडाव मोठं काम कराव वाटे."

 मीराबाईंनी अर्धी जुडी त्यांच्यापुढे सरकवली. दोघांनी मिळून मेथी निवडली.

पवन जांगिडांनाच त्यांनी फोन केला आणि आठ बाय चार घेणार नाही असं सांगितलं. पवनजी रागावले नाहीत. उलट आठवड्याभरात त्यांनीच कळवलं, की शहरात नावाच्या पाट्या करणारा एक जण मोठं मशीन घेतोय आणि त्याचं जुनं दोन बाय तीनचं निघालंय. जनार्दनराव तिथे आपली फळी घेऊनच गेले. तिच्यावर एक वर्तुळ कोरायला लावलं आणि उभं, आडवं मोजलं. उभ्यात अर्धा मिलिमीटर जास्त भरला. एका बाजूचा स्क्रू ढिला होता. तो आवळून पुन्हा वर्तुळ काढलं, पुन्हा मोजलं. मग डोळे मिटून अंगठा सगळ्या कडेनं फिरवला. कुठे अडला नाही. मशीन त्यांनी घेतलं.

दाराची झडप काढून ते मागच्या खोलीत आत गेलं. आता उत्कर्षा रविवारी त्यांना कॉम्प्युटरवर रेघा काढायला शिकवते. माउस त्यांच्या हातातून निसटतो, ती चिडते, मीराबाई दोघांनाही गप्प करतात. पुरुषभर उंचीचा भारत शाळेच्या व्हरांड्यात लावला आहे. येणारे पाहुणे त्याचं कौतुक करतात.

मशीनवरचा पहिला राजस्थान वर्गात गेला तेव्हा मुलांनी तक्रार केली, की लूणी नदी आणि जिल्ह्याची हद्द बोटाला सारखीच लागते. जनार्दनरावांनी तो परत आणला. नदी गोलसर आणि वळणाची ठेवली, हद्दीचे ठिपके केले आणि नवी फळी शिकंज्यात आवळली. मशीनच्या कडा धारदार निघतात, म्हणून त्या ते अजून हातानं घासतात. अंगठा दुखू लागला की थांबतात, थोड्या वेळानं पुन्हा बसतात.