भात्याचा दम
आमच्या चर्चमधल्या ऑर्गनला पायांनी हवा भरावी लागते. उतारवयात तो शिकायला बसलेला मी! बोटं सूर शोधू लागली की पाय हटकून थांबतात आणि गीताच्या तिसऱ्या ओळीशी ऑर्गन मान टाकतो. आजच्या उपासनेत मात्र, पोटऱ्या ठणकत असताना, ती ओळ न अडखळता पार केली. बघतो तर मी एकटाच पुढे. गाणारी सगळी मंडळी मी नेहमी अडखळतो तिथेच थांबलेली! पहिल्या बाकावरच्या, दम्याने बेजार शांतामावशी म्हणाल्या, “अरे बाबा, श्वास तरी घेऊ दे!”

दुसऱ्याच्या चुकीतही माणसं आपला विसावा शोधून ठेवतात की काय?

पुढच्या कडव्याला त्याच ओळीशी मी पाय थांबवले. मुद्दाम थांबवले असं सांगेन, पण थकलोही होतोच. मग आम्ही सगळ्यांनी मिळून श्वास घेतला.