अक्षता मुठीत धरून

माझ्या जुन्या मित्राच्या, दत्तूच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले हो…" त्याला आता महिना होत आला. दत्तूबद्दल लिहायला बसलो, तर आधी हेच सांगावंसं वाटतं की तो अडखळत बोलायचा. निम्मं आयुष्य आम्ही त्याच्यासमोर हा विषय काढला नाही. उरलेलं निम्मं तो स्वतःच ओळख करून देताना ते सांगून टाकायचा.

त्याची सासुरवाडी वैजापूर, आणि 'व' त्याच्या ओठांवर हमखास अडायचा. म्हणून संभाजीनगरहून एसटीत बसला की पठ्ठ्या पुढच्या येवल्याचं तिकीट काढायचा आणि उतरायचा वैजापूरला. कित्येक वर्षं! एकदा लहानग्या मनीषानं विचारलं, "बाबा, मामाच्या गावाचं नाव का नाय घेत तुम्ही? वाईट आहे का ते?" लेकीचा हा प्रश्न त्याच्या फार जिव्हारी लागला. पुढच्या खेपेला कंडक्टरसमोर तो 'वै… वै…' करत राहिला. सगळी एसटी वळून बघत होती.

"मग?" त्यानं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"म… मग काय? बघितलं लोकांनी, अन् लागले खिडकीबाहेर बघाय. मी उ… उगंच इतकी वर्षं येवल्याला चाललो होतो."

मनीषाच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक स्वतः म्हणायचं त्यानं ठरवलं. मेहुणे हबकलेच. "दाजी, भटजी हायेत की. चारचौघांत हसं व्हईल." दत्तूनं माईक घेतला आणि अर्ध्यातच अडला. मागून कुणीतरी 'सावधान' म्हणून मोकळं झालं, अक्षता उडाल्या, बँड वाजू लागला. दत्तूनं हात वर करून बँड थांबवला.

"अ… अजून झालं नाय."

उरलेल्या अक्षता मुठीत धरून आम्ही उभे. त्याला घाम फुटला होता, पण घाई नव्हती. शेवटी त्याच्याच तोंडून 'सावधान' आलं. मुहूर्त टळला, असं काहीजण जेवताना कुजबुजले. कुजबुजोत बापडे! मला मात्र त्या दिवशी रडू आवरलं नाही.

तेराव्याला मनीषा चार शब्द बोलायला उभी राहिली. "माझे बाबा…" एवढंच म्हणाली आणि अडली. एक वडीलधारे उठले, "बस बेटा, समजलं आम्हाला."

वहिनींनी डोळ्यांना लावलेला पदर काढला. "नाय समजलं. बसा तुम्ही. तिचं ती बोलंल."

ते बसले. दत्तूच्या घरात माणसाला वेळ देतात… आम्ही तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो.