मधल्या देवीपाशी न टेकवलेली डोली

दाजींच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा आहे आणि त्यांना त्याचा भारी तोरा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सव्वीस वर्षं आम्ही दोघं डोलीनं माणसं डोंगरावरच्या देवळात नेतो. खुर्चीला दोन बांबू, पुढे ते, मागे मी. मागच्याला खुर्चीच्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही. पुढचा थांबेल तिथे थांबायचं. घरीही माझं हेच चालतं, असं दाजी चारचौघांत सांगतात आणि माझी बायको सगळ्यात मोठ्यानं हसते.

वाटेवर तीन देव. पायथ्याला गणपती, मध्यावर देवी, माथ्यावर महादेव. देवीच्या पुढे दरी उघडी पडते, तिथे डोलीतलं माणूस हटकून घाबरतं आणि ‘उतरवा’ म्हणतं. आपण ऐकायचं नाही. ‘आलंच’ म्हणायचं आणि चालत राहायचं. वर पोचलं की तेच माणूस आपल्याला हात जोडतं. दाजींनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं ते हे.

ताईच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. मधल्या देवीपाशी घटकाभर बसायचं होतं तिला. लग्नाआधी ती तिथल्या पायरीवर फुलं विकायची. महादेवाचं तिनं नावही काढलं नव्हतं. पण दाजी हट्टाला पेटले. साऱ्या जगाला माथ्यावर नेलं आणि बायकोला अर्ध्यातून परत आणलं, तर लोक तोंडात शेण घालतील, असं म्हणाले. ताईनं आयुष्यभर त्यांचा शब्द मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही. मला दाजींचा राग आला होता. तो मी गिळला, कारण राग गिळणं मला चांगलं जमतं.

सकाळी उन्हाच्या आधी निघालो. डोली उचलली आणि मला रडूच फुटलं. पोराचं दप्तर जड लागेल, इतकी ती हलकी झाली होती. देवीपाशी आलो, तर पायरीवर कुणी बाई फुलं मांडत होती. ताईनं मान मागे वळवली.

“अरे, इथे उतरव ना मला,” म्हणाली. अगदी हळू.

दाजींना ऐकू गेलं नाही. चढावर स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. मी मागून नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं तर पुरे होतं. ती घाबरलेली नव्हती, दरी अजून आलीही नव्हती, हे मला कळत होतं. पण जिभेला दुसरं वळणच नव्हतं.

“आलंच, ताई,” मी म्हणालो.

ती पुन्हा बोलली नाही. पुढच्या वळणांवर कधीतरी तिची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, डोळा लागला. महादेवाच्या दारात दाजींनी खुर्ची टेकवली, घाम पुसला आणि अभिमानानं वळून म्हणाले, “बघ, आणलं की नाही?” ताई केव्हाच गेली होती.

खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, शेवटी काही बोलली का. मी सांगितलं, म्हणाली, फार बरं वाटतंय. दुसरं काही सुचलंच नाही.

आता दाजी डोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की त्यांची बायको देवाच्या दारात समाधानानं गेली, वाटलं तर मागच्याला विचारा. माणसं वळून बघतात आणि मी मान हलवतो. दाजींचे गुडघे संपलेत. पोरं घरी बसा म्हणतात, ते ऐकत नाहीत. महादेवाच्या दारात पोचलं की त्यांना शांत वाटतं, म्हणून चढतात. मला त्या दाराकडे बघवत नाही. खरं सांगितलं तर हा माणूस वाटेतच बसकण मारेल, आणि नाही सांगितलं तर मला रोज देवीसमोरून असंच जायचं आहे.

परवा वर पोचल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“तू मागे होतास म्हणून तिच्या मनासारखं झालं,” म्हणाले.

मी हो म्हणालो.