नऊशे कोरी खोकी

कामावरून परतताना आत्या रोज किराणावाल्याच्या दुकानामागे थांबायची. दिवसभरात रिकामी झालेली खोकी तिथे एकावर एक टाकलेली असत. ती वरचं एखादं उचलायची, त्याची कड अंगठ्याने दाबायची, झाकणाची पट्टी उलटून आतला थर बघायची आणि खोकं होतं तसं ठेवून द्यायची. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नसत. मी कधी शाळेतून तिच्यासोबत येत असले, तर ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभी राहायचे.

"काय वैद्यबाई," किराणावाला आतूनच विचारायचा, "आज नाडी कशी आहे?"

"अशक्तपणा आहे," आत्या म्हणायची. "तेलवाल्याने एक थर काढलाय. पुठ्ठा पातळ केला, आता तेल किती पातळ केलंय ते तुम्ही बघा."

"तुमच्यापुढे खोकं टाकायचीसुद्धा चोरी."

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला, ती आमच्या घरी आली आणि महिन्याभरात पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात लागली. टाके मारायच्या मशीनवर तिने एकोणीस वर्षं काम केलं. पुठ्ठ्याची घडी घालायची, कडेवर कड आणायची, उजव्या पायाने पट्टी दाबायची, की तारेचा टाका बसायचा. एका खोक्याला सहा टाके, दिवसाला शंभर खोकी. तिची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झाली होती. "हा पाय पगारी," ती म्हणायची, "तो आपला बिनपगारी."

या कामात एक गोष्ट आपोआप कळते. माल दुकानात यायच्या कितीतरी आधी त्याचं खोकं तयार होतं. त्यामुळे गावाला पुढे काय मिळणार आहे, हे आत्याच्या हाताखालून आधीच गेलेलं असे. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "साबणाची वडी बारीक होणार."

"कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

"खोक्याची उंची बोटभर उतरवलीय. आतले नग तेवढेच. बहात्तर."

दोन महिन्यांनी वडी आली. वेष्टन तेच, किंमत तीच, फक्त पोटाशी जराशी खोलगट. आईने ती न्हाणीघरातून हात बाहेर काढून दाखवली. "ताई, तुमची वडी आली बरं का." आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आज सांगता येत नाही.

बाबा पंख्यांच्या कारखान्यात होते, वाइंडिंग विभागात. तांब्याची तार गुंडाळून मोटर भरायची. त्या पंख्यांची खोकी आत्याच्याच कारखान्यातून जात. "मी गुंडाळायचं आणि हिने झाकायचं," बाबा पाहुण्यांना सांगायचे. दोघांनाही त्याचा अभिमान होता, आणि बहीण-भावाच्या संसारात दाखवायला दुसरं फारसं काही नव्हतं.

मी सातवीत असताना पंख्याचं खोकं पाच थरांवरून तीन थरांवर आलं. वर निळ्या आणि लाल रंगात पंख्याचं चित्र असे, त्यातला लाल गेला. आत्याने ते घरी सांगितलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. "काटकसर करतायत," ते म्हणाले. "चांगलंच आहे की." मग महिन्याभराची ऑर्डर आठवड्यावर आली, आणि आठवड्याची 'फोन करून सांगतो' वर. आत्याने तेही सांगितलं. बाबांच्या हातातल्या पानावर त्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की उद्योगांना सुगीचे दिवस आले आहेत. त्यांनी ते पान घडी करून तिच्या ताटाशेजारी ठेवलं. आत्याने बातमी शांतपणे वाचली आणि विचारलं, "हे लिहिणाऱ्याने शेवटचा पंखा कधी घेतलाय?"

"तुला सगळीकडे खोटच दिसते," बाबा म्हणाले.

त्याच सुमारास बाबांना दुसरीकडून बोलावणं आलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पंखे आणि विजेच्या मोटारी दुरुस्त करायला माणूस हवा होता. जागा कायमची, पगार आहे त्यापेक्षा चौथाईने कमी. महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. बाबांनी पत्र घड्याळामागे खोचून ठेवलं. जाता-येता आम्हा सगळ्यांची नजर तिथे जायची.

आणि मग आत्याच्या कारखान्यात कित्येक महिन्यांतली सगळ्यात मोठी ऑर्डर आली. पंख्यांच्या कारखान्याची. नऊशे खोकी. दोन दिवसांत हवी होती. बायका खूश झाल्या, जादा वेळेचे पैसे मिळणार म्हणून कुणी पडदे ठरवले, कुणी मुलाचे बूट. मालकाने सगळ्यांना चहा दिला. आत्याने चहा घेतला आणि पहिलं खोकं हातात आल्यावर पर्यवेक्षकाला विचारलं, "यावर छपाई नाही?"

"नाही. कोरीच द्यायचीत."

"आणि हाताला भोकं?"

"दोन्ही बाजूंना. झाकण वेगळं. तुम्हाला काय करायचंय? टाके मारा."

रविवारी सकाळी तिने बाबांना स्वयंपाकघरात बसवलं. मी तिथेच भांडी पुसत होते, म्हणून हे बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"रुग्णालयाला होय कळव," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्या लोकांनी नऊशे खोकी मागवलीत. कोरी. हाताला भोकं पाडलेली."

"मग? मागणी वाढली असेल."

"अरे, पंखा ढकलगाडीवरून जातो. त्याला हाताची भोकं कशाला? माणसाने उचलून जिन्यावरून उतरवायचं असतं त्यालाच भोकं पाडतात. आणि चलनावर गोदामाचा पत्ता नाही. ऑफिस लिहिलंय, दुसरा मजला."

"फायली ठेवायला घेतली असतील."

"कपाटं कुठे गेली?"

बाबा उठायला लागले.

"फायली राहतात कपाटात," आत्या म्हणाली. "खोक्यात भरल्या म्हणजे निघाल्या."

"ताई, साहेब स्वतः म्हणाले, पुढच्या वर्षी दुसरी पाळी सुरू करणार आहेत. साहेब खोटं बोलतील आणि तुझं खोकं खरं?"

"खोकं कशाला खोटं बोलेल? त्याला बढती हवीय का?"

बाबांना हसू आलं. मला वाटलं, पटलं त्यांना. पण माझे बाबा सरळ माणूस. ज्याचं मीठ खातो त्याच्याविषयी पाठीमागे शंका घेणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. सोमवारी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी जे मनात होतं ते तोंडावर विचारलं. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. नव्या, मोठ्या जागेत ऑफिस हलवतोय, म्हणून खोकी, असं ते म्हणाले. मग हसत हसत विचारलं, "पण तुम्हाला खोक्यांचं कुणी सांगितलं?"

बाबांनी अभिमानाने सांगितलं, माझी बहीण तिथे असते. खोकं बघून सगळं ओळखते.

घरी आल्यावर बाबांनी हे आम्हालाही तसंच सांगितलं. साहेबांनी कसं खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत सोडलं, तेही सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "माझं नाव घेतलंस?" तिने विचारलं.

"नाव कशाला घेऊ? बहीण म्हणालो."

"बरं," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली.

तिसऱ्या दिवशी मालकाने तिला बोलावलं. तिथे काय झालं ते तिने आईला सांगितलं, आणि आईकडून मला कळलं.

"गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी चव्हाट्यावर मांडता तुम्ही?" मालक म्हणाला.

"सख्ख्या भावाला सांगितलं. चव्हाटा कुठला आलाय?"

"भाऊ कुणाकडे कामाला आहे? सकाळी फोन आला मला. उद्या ते दुसरीकडून खोकी घेतील."

"मी खोटं बोलले का, मालक?"

"खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही."

एकोणीस वर्षांनी त्याने तिला हे सांगितलं. खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी तिचं काम बंद झालं. ज्या बायकांच्या शेजारी बसून तिने डबा खाल्ला, त्या खाली मान घालून टाके मारत राहिल्या. एक जण मात्र तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पांढऱ्या पायाची. नवऱ्याला खाल्लं, आता कारखान्यावर टपलीय." हे वाक्य गल्लीत आमच्याही आधी पोचलं होतं.

बाबांनी रुग्णालयाला नाही कळवलं. साहेबांचा हात खांद्यावर पडलेला होता.

त्यानंतर सातव्या आठवड्यात, एका सोमवारी, बाबा सकाळी सव्वानऊला डबा घेऊन परत आले. फाटकाला कुलूप आणि त्यावर एक कागद. दोनशे चाळीस माणसं त्या एका कागदासमोर आळीपाळीने उभी राहिली. साहेब त्यांच्यात नव्हते. ते नव्या ऑफिसात बसतात असं सगळे समजत होते, पण ते महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नोकरीवर रुजू झाले होते. पुढे बाबांच्या एका मित्राने त्यांना फोन लावला, तेव्हा ते म्हणाले, की खरंच, कुणालाच कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्यात शब्द होता 'अचानक'. मी तो शब्द आजही शांतपणे वाचू शकत नाही. दोन वर्षं त्या पंख्याच्या खोक्याचा एकेक थर सोलून निघत होता. लाल रंग सगळ्या दुकानांतून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गेला. ज्यांच्याकडे आकडे होते, खोल्या होत्या, फोन होते, त्यांना दिसलं नाही म्हणतात. आणि जिच्याकडे फक्त अंगठा होता तिला दिसलं, म्हणून तिला घरी बसवलं. त्यांना दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच नऊशे खोकी मागवली होती. आपली माणसं त्यांनी आधी हलवली, मग कागदपत्रं हलवली, आणि वाइंडिंग विभागाला दुसरी पाळी दाखवून शेवटच्या दिवसापर्यंत मोटारी भरून घेतल्या.

आत्या त्या आठवड्यात स्वतः रुग्णालयात गेली, जागा अजून आहे का ते विचारायला. ती भरली होती. पण धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायला बाई हवी होती. ती तिथेच थांबली आणि दुपारपासून कामाला लागली. पुढची नऊ वर्षं आमचं घर त्या घड्यांवर चाललं. बाबा ओसरीत बसून लोकांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचे. ते काम कधी यायचं, कधी नाही.

खोक्यांचा कारखाना वर्षभराने बंद पडायला आला, तेव्हा तिथल्या तीन बायका आमच्या घरी आल्या. पांढऱ्या पायाची म्हणणारीही त्यांत होती. आईने पाणी दिलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग तीच म्हणाली, "तुला पुढचं दिसतं. आमचं काय होणार, सांग की."

आत्याला मी फार कमी वेळा संतापलेलं पाहिलं. त्या दिवशी तिचा आवाजही चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते.

"मी ज्योतिषी आहे का?"

"तसं नाही गं. पण तुला कळलं होतं ना."

"तुम्हालाही कळत होतं. ती भोकं माझ्या एकटीच्या खोक्याला नव्हती. नऊशेला होती. तुमच्या हातातून गेली ती." तिने पाण्याचे रिकामे पेले एकात एक घातले. "तेव्हा मी अवदसा होते. आता देवी झाले. एकदा तरी विचारा ना मला, बाई, तू बघितलंस काय?"

कुणी विचारलं नाही. त्यांना भविष्य हवं होतं. जाताना आत्याने त्यांना धुलाईघराच्या मुकादमाचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, मालकाने पुठ्ठा चिकटवायच्या खळीत पाणी वाढवलंय, दुकानातल्या खोक्यांचे थर सुटतायत, आता वाट बघू नका. दोघी तिकडे कामाला लागल्या. तिसरी कारखान्यातच राहिली, शेवटपर्यंत.

बाबांनी तिची माफी मागितली नाही. ते तिच्याशी चांगले वागायचे, तिचा चहा तेच करायचे, तिच्या खोलीतला पंखा कधी कुरकुरला नाही. पण ते एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि घरात कुणी त्यांना आठवणही करून दिली नाही. आम्हीही इतर सगळ्यांसारखेच. त्या सोमवारविषयी बोलताना बाबा पाहुण्यांना सांगायचे, "अचानक झालं हो सगळं." आत्या आतल्या खोलीत असायची. तिला ऐकू जायचं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटचे पंधरा दिवस ती दाराजवळच्या खाटेवर असायची. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते. आई फरशी पुसून, बादली उंबऱ्यापाशीच ठेवून नुकतीच आत गेली होती. बाबा आले, खाटेच्या कडेवर बसले, तिच्या पायावरची चादर सारखी केली, परत सारखी केली.

"ताई," ते म्हणाले, "तेव्हा मी साहेबांना विचारायला जायला नको होतं."

सोळा वर्षं झाली होती त्याला. आत्याने त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं, आता ती सगळं बोलेल, आणि तिने बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. तिला दम लागला होता. तिने मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं, मग परत बाबांकडे.

"ती बादली आधी बाजूला घे," ती म्हणाली. "कुणीतरी अडखळेल."