इंदूच्या टाचेचे ठोके

आठ ठोके. थोडी विश्रांती. मग दोन. मालवणच्या मेढा भागातल्या घराच्या पडवीत इंदूची डावी टाच फळीवर पडत होती आणि तारेच्या कोऱ्या फॉर्मवर मी लिहीत होतो : आ.

तिची आई सरस्वतीबाई दाराला टेकून उभी होती. भाऊ वसंत मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आला होता. पावसाळ्यापूर्वीची मुंबईची शेवटची बोट परवा सुटणार होती. तिच्यातून इंदूला न्यायचं की नाही, हे इंदूनं सांगायचं होतं. ती बावीस वर्षांची होती. आजवर तिनं एकही शब्द उच्चारला नव्हता.

त्या वर्षांत मी मालवणच्या तार ऑफिसात सिग्नलर होतो. सिग्नलर म्हणजे तार पाठवणारा आणि घेणारा. टेबलावर साउंडर नावाचं पितळी यंत्र असे. तारेतून वीज आली की त्याची दांडी खाली पडे, गेली की वर जाई. दोन टिचक्यांमधलं अंतर कमी असेल तर डॉट, जास्त असेल तर डॅश. त्या अंतरांतून अक्षरं ऐकायची. दुपारी दोननंतर लाइन मंदावत असे. समुद्राचा उजेड खिडकीतून येऊन छताखाली हलत राही. सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं वाटे आणि त्या पाण्यात साउंडर एकटाच बोलत असे.

अशाच एका दुपारी मला आमच्या ऑफिसची हाक ऐकू आली. प्रत्येक ऑफिसला हाक मारायची ठरावीक अक्षरं असतात. पण यंत्र हललं नव्हतं. हाक मागच्या भिंतीतून येत होती. लय तुटक होती, ठोक्यांची संख्या मात्र बरोबर होती.

मागचं घर सरस्वतीबाईंचं. मी गेलो तेव्हा त्यांना वाटलं, तक्रार घेऊन आलो.

"चेडवाक रागावा नको हां, मास्तर. तुमची टिकटिक बंद पडली की ता टाच आपटता. वर्सां झाली."

इंदू चटईवर होती. हात आत वळलेले, मान एका बाजूला ओढलेली. गाव तिला खुळी म्हणे. वसंतनं मुंबईत एका डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या वेळी मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा होते. शरीर ऐकत नाही. समज शाबूत असू शकते.

मी तिला मोर्स शिकवायला घेतलं. महिनाभर काही जमलं नाही. डॅशसाठी टाच दाबून धरावी लागे आणि तिचा पाय धरल्या जागी राहत नसे. चूक माझी होती. लांबी तिच्या हातात नव्हती, मोजणी होती. मग मोर्स सोडलं आणि वर्णमाला घेतली. वसंत शाळकरी असताना तिच्याजवळ बसून ती घोकत असे. तिला ओळीनं पाठ होती. क, च, ट, त, प अशा ओळी, मग य-र-ल-व, मग श-ष-स, आणि शेवटी, आठव्या ओळीत, स्वर. आधी ओळीचे ठोके, मग ओळीतल्या जागेचे. मात्रा सोडून दिल्या.

पोस्टमास्तरांच्या कानावर गेलं.

"तुम्ही म्हणे तार खात्याची शाळा काढलीत?"

"घरी जाताना अर्धा तास, साहेब."

"खात्याचं यंत्र वापरता?"

"यंत्र नाही, फळी आहे."

"फळी कुणाची?"

"त्यांचीच. फणसाची."

"मग माझं काही म्हणणं नाही."

एका शब्दाला पाच-सात मिनिटं लागत. तिला घाम फुटे. म्हणून मी दोन अक्षरांवरून शब्द ओळखून म्हणून दाखवी. बरोबर असेल तर ती डोळे मिटे, चूक असेल तर बघत राही. तार घेणाऱ्याला ही सवय असतेच. निम्मा मजकूर आला की उरलेला मजकूर हात आपोआप लिहितो.

मुंबईत अशा मुलामुलींसाठी एक संस्था निघाली होती. तिथे व्यायाम होता, शिकवणं होतं. वसंतनं जागा मिळवली होती. सरस्वतीबाईंचा विरोध होता.

"माझ्याशिवाय ता जेवता तरी काय? पाठवशीत तर माका पण धाड."

"आये, थंय आवशीक रवाक देनत नाय," वसंत म्हणाला. संस्थेत आईला राहू देत नसत.

"मगे नको. इचार तिका. माका सोडून जायत काय?"

वसंतनं मला बोलावलं आणि प्रश्न मीच विचारला.

आ. मग सहा आणि चार : व. सात आणि तीन : स. आवस. मालवणीत आई. टाच थांबली. ती दम घेत होती. मी पुढचं लिहून मोकळा झालो आणि मोठ्यानं वाचलं, "आवशीक सोडून जावचंय नाय."

सरस्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बघ रे. मी काय सांगी होतंय?"

वसंत उठला. "बरा. जागा सोडतंय म्हणान कळवतंय."

मी फॉर्म त्याच्या हातात दिला. इंदूच्या डोळ्यांकडे मी पाहिलंच नव्हतं. टाच पुन्हा पडू लागली. चार, पाच. एक, एक. फळी जागची सरकली. वसंतनं ती गुडघ्यानं धरली. समोर समुद्र पांढरा झाला होता, एक शीड जागच्या जागी उभं होतं, आणि अर्धा तास त्या पडवीत ठोक्यांखेरीज आवाज नव्हता. या वेळी मी मधे बोललो नाही.

आवस नको. मी जातंय.

मी वाचलं. इंदूनं डोळे मिटले.

"परत वाचा," सरस्वतीबाई म्हणाल्या. मी परत वाचलं. तिनं परत मिटले.

"बावीस वर्सां तिच्या मनातला सगळा मीच सांगतंय," त्या म्हणाल्या. "ह्या माका कसा कळूक नाय?"

थोड्या वेळानं त्या आत गेल्या आणि इंदूच्या लुगड्यांच्या घड्या घालू लागल्या.

बोटीवर वसंतनं तिला उचलून चढवलं. सरस्वतीबाई धक्क्यावर आल्या नाहीत.

संस्थेत तिला अक्षरांचा लाकडी तक्ता करून दिला. पुढच्या वर्षी कार्ड आलं. अक्षर तिथल्या बाईंचं होतं, मजकूर इंदूचा. सरस्वतीबाईंना वाचता येत नसल्यानं मी वाचून दाखवलं : "हयली मासळी शिळी. तू ये. पण बघूक, रवाक नको." हयली म्हणजे इथली, मुंबईची.

"तोंड वाढला हां चेडवाचा," त्या म्हणाल्या, आणि सुक्या बांगड्यांची पुरचुंडी बांधायला बसल्या.

मजकूर संपल्याची खूण येईपर्यंत फॉर्म सोडायचा नाही, हे सिग्नलरला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. वसंतच्या हातात फॉर्म दिला त्या दिवशी मला नोकरीत चौदा वर्षं झाली होती.