कैलासवासीयांस सप्रेम भेट

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

दुष्काळाचे दिवस. धारूर भागातलं ठाणं माझ्याकडे होतं. साप्ताहिक चालवणारे एक म्हातारे संपादक फिर्याद द्यायला आले. "लेकीकडं गेलतो साहेब. कुलूप तोडून सगळी पुस्तकं नेली."

पत्रकारितेवरच्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या त्यांनी हयातभर जमवल्या होत्या. लेखकाला घरी गाठायचं आणि पहिल्या पानावर आपल्या नावानं चार शब्द लिहून घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. ठाणे अंमलदार हसला, "रद्दीच की!" मी त्याला तिथंच झापलं.

टँकरचं पाणी गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनच्या मोसंबीला जातं, असं संपादकांनी नुकतंच छापलं होतं. पण नुसत्या संशयावर झडती घेता येत नाही. चार दिवसांनी माझा खबऱ्या, सोसायटीसमोरचा चहावाला, सांगत आला, "साहेब, चेअरमननं वाचनालय काढलंय. पुस्तकं मात्र गोणीतून आली."

पंच घेऊन गेलो. चेअरमन खुर्चीतून हललाही नाही. "आमच्या वडलांची हायेत. लेखकांनी त्यान्ला दिलेली."

पुस्तक उघडलं. सही जुनी, शाई विटलेली. वरचं नाव ब्लेडनं खरवडून ताज्या शाईत लिहिलेलं: 'कै. अमुक यांस सप्रेम भेट'. प्रत्येक पुस्तकात तेच!

"लेखक तुमच्या वडिलांना पुस्तक द्यायला स्वर्गात गेले होते काय?" मी ओरडलो. त्याचं तोंड उतरलं.

ठाण्यात सोसायटीचा कारकून लगेच फुटला. "मीच लिवलं साहेब. थोरल्या मालकांच्या नावाआधी कै. लावायची सवयच पडलीय. सोसायटीच्या बोर्डावर, पावतीवर, टँकरवर बी तसंच हाय."

अटक झाली. चेअरमन जामिनावर सुटला आणि निर्लज्जांनी त्याला हार घातले.

कोर्टाच्या हुकमानं पुस्तकं परत दिली. संपादक खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिले. "लिहून देणारे गेले सगळे, साहेब. आता माझं नाव कोण लिहिणार?" मी पोच पावती पुढे केली. पावतीवर 'मुद्देमाल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं होतं. त्यांनी पेन मागितलं, 'सुस्थितीत' हा शब्द खोडला आणि सही केली.

मुद्देमाल परत केला की तपास संपतो, असं मला नोकरीत शिकवलं होतं. साफ खोटं आहे ते. वरून आदेश आला, खाडाखोड झालेली पावती नवी करा. मी म्हटलं, करणार नाही.